तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यातले जंतू कॉम्प्युटरवर कशाला?

"अगं, जंतू पाण्यात असतात ना, मग तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काय करतेस?" हे मला मावशीने विचारलंय, सोसायटीतल्या काकांनी विचारलंय, लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाने जिलबी खाता खाता विचारलंय. आणि माझं पहिलं वाक्य संपायच्या आत दुसरा प्रश्न येतोच, की बरं ते राहू दे, आपली मुळा-मुठा कधी साफ होणार ते सांग. पुण्यात राहून पाण्याचं काहीतरी काम करते एवढं जरी म्हटलं तरी हा दुसरा प्रश्न चुकत नाही. तर आता एकदा सगळं लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या लग्नात निवांत जेवता येईल.

थोडक्यात सांगायचं तर मी जंतू मोजत बसत नाही, ते काय खातात, किती वेगाने खातात आणि खाऊन झाल्यावर पाण्यात काय सोडतात, याचं गणित मांडते, आमच्या भाषेत मॉडेल. किती आहेत यापेक्षा किती वेगाने काम करतायत हे जास्त महत्त्वाचं, आणि पाण्याच्या बहुतेक प्रश्नांत नेमकी हीच गोष्ट कोणी विचारत नाही.

एकेक जंतू कॉम्प्युटरमध्ये घालणं तसंही शक्य नाही. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण १० लाख बॅक्टेरिया असतात आणि व्हायरस त्याच्या दहापट, म्हणजे कोटीच्या घरात, आणि या व्हायरसमुळे समुद्रातल्या बॅक्टेरियांचा साधारण पाचवा हिस्सा रोज फुटून मरतो असा अंदाज आहे, म्हणजे तुम्ही मोजून संपवेपर्यंत मोजलेले अर्धेअधिक गेलेले असतात. म्हणून आम्ही किराणा दुकानातल्या खतावणीसारखं करतो. नायट्रोजनची खाती उघडायची: एक पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटचं, एक अमोनियाचं, एक शेवाळाचं, एक शेवाळ खाणाऱ्या बारीक प्राण्यांचं, एक बॅक्टेरियांचं, एक मेलेल्या कचऱ्याचं. एका खात्यातून गेलेला नायट्रोजन दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात जमा झालाच पाहिजे. रात्रभर रन लावायचा आणि सकाळी आल्या आल्या आधी बेरीज बघायची, ती जुळत नसेल तर नदीबिदीचं नंतर, आधी कोडमधला बग शोधायचा.

आता एका खात्यातून दुसऱ्यात किती वेगाने जातं? इथे जे समीकरण सगळे वापरतात ते जाक मोनो यांचं, आमच्याकडे सगळे मोनॉड म्हणतात. १९४२ साली, पॅरिसवर जर्मनांचा ताबा असताना, या माणसाचा बॅक्टेरियांच्या वाढीवरचा प्रबंध छापून आला. (१९६५ चं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामाला.) गंमत म्हणजे समीकरण अगदी साधं आहे. अन्न कमी असताना दुप्पट दिलं की वाढ जवळपास दुप्पट होते, पण देत राहिलात की एका पातळीनंतर वाढीचा वेग वाढायचा थांबतो, कारण जंतूचं तोंडच भरलेलं असतं. दोनच आकडे लागतात, कमाल वेग किती, आणि किती अन्न असताना त्याच्या निम्मा वेग मिळतो. या दोन आकड्यांवरून कुठल्या पाण्यात कोण जिंकणार हे बऱ्यापैकी कळतं. प्रोक्लोरोकॉकस नावाचा एक जीव आहे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान, १९८० च्या दशकापर्यंत तो आहे हेच कोणाला माहीत नव्हतं आणि आता पृथ्वीवरचा संख्येने सगळ्यात जास्त असलेला प्रकाशसंश्लेषण करणारा जीव तो मानला जातो. तो हळू वाढतो, पण अगदी नगण्य अन्नावर तगतो, म्हणून उष्ण समुद्रातल्या उपाशी पाण्यात त्याचं राज्य. याउलट विठ्ठलवाडीपासून पुढच्या मुठेत कोणीच उपाशी नाही, तिथे जो भराभर खातो तो पुढे.

समुद्राचा विषय निघालाय तर एक सांगूनच टाकते, तो "आपला दर दुसरा श्वास समुद्रातून येतो" वाला फॉरवर्ड मला आता पाठवू नका. समुद्रातले सूक्ष्मजीव पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास अर्धा भाग करतात हे खरं, पण तो ऑक्सिजन तिथलेच बॅक्टेरिया आणि प्राणी वापरून टाकतात, जवळजवळ सगळाच. जमेची बाजू तेवढी वाचायची आणि खर्चाची सोडून द्यायची, असं.

आता नदी. नदीचं पहिलं गाजलेलं मॉडेल १९२५ चं, अमेरिकेतल्या ओहायो नदीसाठी स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी केलेलं, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, कागद-पेन्सिल. त्यात दोनच गोष्टी आहेत. मैलापाणी आलं की बॅक्टेरिया ते खातात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि वरून हवेतला ऑक्सिजन हळूहळू पाण्यात उतरत राहतो. दोन्हींचे वेग वेगवेगळे, त्यामुळे काय होतं, की नाला जिथे मिळतो तिथे ऑक्सिजन सगळ्यात कमी नसतो, तो खाली खाली जात राहतो आणि बऱ्याच पुढे जाऊन तळ गाठतो, आणि मग सावकाश वर येतो. म्हणजे सगळ्यात वाईट हाल घाण सोडणाऱ्याच्या दारात नाही, पुढच्या कोणाच्या तरी दारात. हे शंभर वर्षांपूर्वी कागदावर मांडलेलं आहे, आणि आपल्याकडे संगम, बंडगार्डन, मुंढवा, मांजरी, थेऊर असं नदीच्या कडेने जाऊन आलात तर गणित न शिकताही समजेल. त्यात आपल्याकडे एक नाला संपतो न संपतो तोवर पुढचा, मग तो ऑक्सिजनचा आलेख वर यायला मधे जागाच मिळत नाही.

आणि पुस्तकातले आकडे जसेच्या तसे पुण्याला लावून चालत नाही. बरेचसे वेग २० अंश तापमानाला मोजलेले असतात, जगभर बीओडीची (पाण्यातली घाण खाताना बॅक्टेरियांना किती ऑक्सिजन लागतो त्याचा आकडा) चाचणीही २० अंशांवर ५ दिवस ठेवून करतात, आपल्याकडे मात्र २७ अंशांवर ३ दिवस, कारण इथलं पाणी तसंच असतं. उन्हाळ्यात ३० अंशाचं पाणी धरा. बॅक्टेरियांचा खाण्याचा वेग दर अंशाला साधारण पावणेपाच टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २० वरून ३० ला गेलं की दीडपटीच्याही थोडा वर. त्याच वेळी पाण्यात ऑक्सिजन मावतोच कमी: २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या जरा वर, ३० ला साडेसात, आणि पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे त्यामुळे प्रत्यक्षात सातच्या आसपास. खाणारे दीडपट आणि भांडवल कमी. वर धरणातून नदीत येणारं पाणीही उन्हाळ्यात जेमतेम. त्यामुळे अमुक देशात नदी साफ झाली मग आपली का नाही असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, तिथलं पाणी किती अंशाचं होतं आणि वाहतं किती होतं.

नदीत न संपलेलं सगळं पुढे भीमेतून उजनीत जातं. सोलापूर रोडने जाताना भिगवणला फ्लेमिंगो बघायला थांबता तेव्हा पाण्याचा हिरवा रंगही बघत जा. इथे हिशोब नायट्रोजनचा कमी आणि फॉस्फरसचा जास्त. १९७३ मध्ये कॅनडात एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. फॉस्फरसवाली बाजू हिरवीगार झाली, दुसरी तशीच राहिली, वरून काढलेला तो फोटो आमच्या विषयात सगळ्यांनी पाहिलेला असतो. कारण असं की नायट्रोजन कमी पडला तर काही निळंहिरवं शेवाळ, सायनोबॅक्टेरिया, तो हवेतून घेऊ शकतं, फॉस्फरसला हवेतून यायची वाटच नाही.

आणि हवेत जायचीही नाही, हे त्याहून वाईट. नायट्रोजन शेवटी वायू होऊन निघून जाऊ शकतो, फॉस्फरस तळाच्या गाळात बसतो. तिथे तो लोहाला चिकटून असतो, जोवर ऑक्सिजन आहे तोवर शांत. तळाचा ऑक्सिजन संपला की लोहाचं रूप बदलतं, पकड सुटते आणि फॉस्फरस परत पाण्यात. मग त्यावर शेवाळ, शेवाळ मरून खाली, ते कुजताना तळाचा ऑक्सिजन पुन्हा खलास, पुन्हा फॉस्फरस वर. म्हणून पाषाण तलावाचा नाला उद्या बंद केला तर परवा तळं स्वच्छ होईल का असं जेव्हा लोक विचारतात तेव्हा माझं मॉडेल म्हणतं नाही, वर्षं लागतील, किती ते गाळात आधीचं किती साठलंय यावर. जलपर्णी काढणं चांगलंच, तिच्यात पोषकद्रव्यं असतात आणि ती तिच्यासोबत बाहेर येतात, पण काढून काठावरच ढीग केला आणि वर पाऊस पडला तर त्यातलं बरंच काही घरंगळत परत तळ्यात. हे सांगायला खरं तर मॉडेलही नको.

मला स्वतःला सगळ्यात जास्त नाद आहे तो मात्र अरबी समुद्राचा. पुण्याला समुद्र नाही, पण पाषाणलाच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत पृथ्वीच्या हवामानाचं जे मॉडेल आहे, सीएमआयपी-६ या जागतिक तुलनेत भारताकडून गेलेलं पहिलं, त्यात समुद्रातल्या या जीव-रसायनाचाही भाग आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. पावसाळी वाऱ्यांमुळे खालचं पोषक पाणी वर येतं, वर भरपूर शेवाळ वाढतं, ते मरून खाली पडतं आणि कुजतं, आणि उत्तरेला जमीन असल्यामुळे ताजं पाणी आत यायला वाट कमी. ऑक्सिजन नाही म्हटल्यावर बॅक्टेरिया नायट्रेटवर श्वास घेतात, आणि त्याचं शेवटी नायट्रोजन वायू करून टाकतात, मधल्या पायरीवर नायट्रस ऑक्साइड. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. गोव्याच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ उथळ पाण्यातसुद्धा मोसमी काळात ऑक्सिजन संपतो आणि तिथे हा वायू प्रचंड तयार होतो.

मॉडेलवाल्यांची खरी पंचाईत इथे होते. ऑक्सिजन खूप कमी असेल तर हा वायू जोरात बनतो, पण ऑक्सिजन अगदीच शून्य झाला तर तेच बॅक्टेरिया तो वायूही खाऊन टाकतात. म्हणजे थोडासा आहे आणि अजिबात नाही, या दोघांत उत्तराचं चिन्हच उलटतं. आणि पृथ्वीच्या मॉडेलमधला एक चौकोन किती मोठा, तर साधारण शंभर किलोमीटर, अख्ख्या चौकोनाला ऑक्सिजनचा एकच आकडा. आता यावर उपाय म्हणून काही जण म्हणतात की आणखी प्रकारचे जंतू घाला. २००७ मध्ये एमआयटीच्या गटाने गुणधर्म चिठ्ठ्या टाकून ठरवावेत तसे ठरवून ७८ प्रकारचं शेवाळ मॉडेलच्या समुद्रात सोडलं होतं, आणि त्यातले मोजकेच तगले, उष्ण उपाशी पाण्यात आपोआप प्रोक्लोरोकॉकससारखेच. भारी काम आहे, वादच नाही. पण प्रत्येक नवीन जंतूसोबत चार-पाच नवीन आकडे येतात आणि ते आपल्या पाण्यात कोणी मोजलेलेच नसतात, मग आपण ते परदेशातल्या पेपरमधून उचलतो. माझं मत विचाराल तर दहा नवीन जंतू घालण्यापेक्षा असलेल्या दोघांचा वेग इथल्या पाण्यात, इथल्या तापमानाला कोणी मोजून दिला तर मी जास्त खूश होईन. यावर आमच्यात भांडणं होतात, चहावर संपतात.

राहिला दुसरा प्रश्न, नदी कधी साफ होणार. तारीख मी देऊ शकत नाही. पण धरणातून किती पाणी सोडणार, न शुद्ध केलेलं मैलापाणी किती येणार आणि शुद्ध केलेल्यात काय काय उरणार, हे तीन आकडे द्या, कुठल्या पुलापाशी ऑक्सिजन किती राहील ते सांगते. तिसऱ्या आकड्यात मात्र एक खोच आहे. एसटीपीचं, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं, पाणी चांगलं आहे हे दाखवायला बहुतेक वेळा बीओडी सांगतात. समजा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी लिटरला १० मिलिग्रॅम आला, पण अमोनियाचा नायट्रोजन २० राहिला. तो नदीत गेला की नायट्रेट करणारे बॅक्टेरिया कामाला लागतात, आणि १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे २० ला ९० च्या वर. कागदावर १० दिसतायत, नदीकडून मागणी शंभरची. हे बॅक्टेरिया वाढतातही सावकाश, चांगल्या परिस्थितीतही दुप्पट व्हायला एक दिवसाच्या आसपास, जिथे लॅबमधला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे प्लांटमधला गाळ भराभर काढून टाकला की हे बिचारे त्याच्यासोबत वाहून जातात आणि अमोनिया तसाच नदीत येतो. तेव्हा पुढच्या वेळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपल्या एसटीपीचा रिपोर्ट फिरला तर बीओडीच्या खालची ओळ बघा, अमोनिया लिहिलाय का, आणि नसेल तर तो का मोजला नाही ते प्लांट चालवणाऱ्याला विचारा.