पॉपीने केला पोपट

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून रानफुलांचे फोटो काढायला पहाटे चारला निघालो. थर्मासात चहा भरता भरता आईने एकच प्रश्न विचारला, "फुलं काय पळून जाणारेत?" त्यावर मी तिला सूर्योदयाच्या कोवळ्या उन्हावर गोल्डन गेट पुलापर्यंत पुरेल एवढं व्याख्यान दिलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॅसिफिकमध्ये घुसलेलं भूशिर म्हणजे पॉइंट रेज. १९६२ पासून हा किनारा राष्ट्रीय ठेवा म्हणून राखला आहे. त्याच्या टोकाशी चिमणी रॉक नावाचा सुळका आहे. चिमणीचा अर्थ इथे धुराडं, पण आईच्या डोक्यात शेवटपर्यंत पक्षीच राहिला. सुळक्याकडे जाणारी पायवाट एकीकडून जेमतेम मैलभर आहे, आणि एप्रिलमध्ये तिच्या दोन्ही अंगांना रानफुलं असतात. आपल्याकडे कासला पावसाळा सरताना फुलं येतात. इथे पाऊस पडतो हिवाळ्यात, म्हणून बहर वसंतात. जूनपर्यंत गवत वाळून पिवळं पडलेलं असतं.

पोचलो तर धुकं. समुद्र नुसता ऐकू येत होता. आणि ज्यांच्यासाठी एवढ्या अंधारात उठलो त्या कॅलिफोर्निया पॉपी झाडून सगळ्या मिटलेल्या! ओली छत्री गुंडाळून ठेवावी तशा चारही पाकळ्या एकमेकींभोवती घट्ट. ऊन नसेल, गारवा असेल, तर हे फूल उघडतच नाही. सोनेरी प्रकाशावर बोलणाऱ्या बाईंना एवढं साधं ठाऊक नव्हतं.

"यांचं दुकान दहाशिवाय उघडत नाही," आई म्हणाली. "चहा घे."

चहा झाल्यावर बाकीची मंडळी दिसायला लागली. धुक्याचा प्रकाश बिनसावलीचा, मऊ. डग्लस आयरिसच्या जांभळ्या पाकळ्यांवरच्या बारीक शिरा अशा प्रकाशातच नीट उमटतात. 'वसंताची पावलं' अशा अर्थाचं इंग्रजी नाव असलेलं एक रोप जमिनीला चिकटून पसरतं. कुणी हळदीच्या पावलांनी चालत गेलं असावं, असे त्याचे पिवळे ठसे. पण मी जास्तीत जास्त वेळ घालवला तो मांजरकानावर. वीतभर उंचीचं, पांढुरकं, आतून लव असलेलं फूल. त्या लवेच्या टोकाटोकावर दव होतं. वाटेवरच पालथी पडून, कोपरं टेकून, अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने चाळीसेक फोटो काढले. त्यातले तीन बरे आहेत. वाट सोडून आत शिरायचं नाही, हा इथला नियम. आत शिरल्यास पॉयझन ओकची तीन-तीन पानं अंगाला खाज देऊन तो नियम शिकवतात.

साडेदहाला धुकं उठलं आणि पॉपी उलगडू लागल्या. किनाऱ्याजवळची पॉपी कडेला पिवळी आणि मध्याशी केशरी असते. आईला फुलापेक्षा कळी आवडली. कळीवर टोकदार टोपी असते आणि फूल ती ढकलून पाडतं. "टोपडं काढून टाकलं बघ बाळाने!" पानं बघून म्हणाली, "शेपूच की." १८१६ मध्ये रुरिक या रशियन जहाजावरून आलेल्या शामिसो या वनस्पतिशास्त्रज्ञाने या फुलाला आपल्या सोबत्याचं, जहाजावरच्या डॉक्टर एशशोल्ट्झचं नाव दिलं. पूर्ण शास्त्रीय नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. बार्शीकडच्या बांधावरचा काटेरी पिवळा धोत्रा हा हिच्याच कुळातला आणि मूळचा मेक्सिकोकडचा, हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे तो आमच्याकडे उपरा, आणि आम्ही त्याला अख्खा जन्म शिव्या घातल्या त्या बरोबरच होत्या."

ऊन आलं, पण सोबत वारा आला. फूल चौकटीत थांबेचना. शटरचा वेग १/१००० सेकंदावर नेला, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवला, तरी हिशेब चुकत होता. शेवटी आई वाऱ्याच्या बाजूला शाल पसरून उभी राहिली. मग आडव्या पडलेल्या कॅमेऱ्यातून पुढे तीन पॉपी आणि मागे ड्रेक्स उपसागराची निळी पट्टी, असा हवा तो फोटो मिळाला. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात शालीचा काठ आला आहे. तो कापलेला नाही.

परतताना साउथ बीचला थांबलो. वाळूच्या टेकाडावर जाड, रसाळ पानांचा गालिचा आणि त्यावर भडक गुलाबी फुलं. ही आइस प्लांट, दक्षिण आफ्रिकेची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या कडांची माती धरून ठेवायला आणली, नंतर महामार्गांलगत लावली. आता ती स्थानिक झाडांना जागाच उरू देत नाही, म्हणून ठिकठिकाणी उपटून काढावी लागते. मी कॅमेरा पिशवीतच ठेवला. आईने मोबाइलवर एक फोटो काढला.

रात्री घरच्या ग्रुपवर दोन्ही टाकले. माझ्या पॉपीला चार अंगठे. आईच्या आइस प्लांटला सतरा, शिवाय मावशीचा प्रश्न, "याची फांदी आणता येईल का गं?"