पोटात अळ्या, तोंडात तांब्याचं पातं

त्या ट्राउट माशाच्या पोटात कॅडिस नावाच्या किड्याच्या अळ्या ठासून भरल्या होत्या, वाळूचे कण चिकटवून त्या स्वतःभोवती जी नळी बांधतात तिच्यासकट. लहान मासा नव्हता, गांडूळ नव्हतं. आणि त्याने झडप घातली ती तांब्याच्या रंगाच्या फिरत्या पात्यावर, ज्याच्यासारखं त्या प्रवाहात काहीच राहत नाही. तेव्हापासून हा मासा माझ्या डोक्यातून जात नाही.

लोकांना ट्राउट गरवायला घेऊन जाणं हा माझा व्यवसाय. दिवसाची सुरुवात ल्युअरचा, म्हणजे नकली आमिषांचा, डबा उघडून होत असेल असं बाहेरच्यांना वाटतं. माझी थर्मामीटरने होते. पाणी साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस असेल तर ट्राउट मनापासून खातात. २० च्या वर गेलं की मी गळ टाकू देत नाही, समोरचा कितीही नाराज झाला तरी. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि ओढाताणीने दमलेला मासा सोडून दिला तरी सावरत नाही. त्या सकाळी पाणी १२ अंश होतं, नितळ, वर स्वच्छ ऊन.

सोबतचे काका तळ्यातल्या मासेमारीवर हात बसलेले. तळ्यात सोडलेले रेनबो ट्राउट हॅचरीत, म्हणजे मासे वाढवायच्या केंद्रात, खाद्याच्या गोळ्या खाऊन वाढतात. वास घातलेली रंगीत पेस्ट गळाला लावून तळापासून थोडी वर तरंगत ठेवली की ते येऊन घेतात. वाहत्या पाण्यात जन्मलेल्या ब्राउन ट्राउटला त्या पेस्टचं काहीच वाटत नाही. काकांच्या डब्यात मात्र सगळे रंग होते. ल्युअर बनवणारे माशांपेक्षा गिऱ्हाइकांसाठी रंग देतात, असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विझतो. खोल डोहात लाल पातं काळपटच दिसतं. मी आधी वजन बघते, मग पात्याचा आकार, रंग शेवटी. गढूळ पाण्यात सोनेरी किंवा चंदेरी, नितळ पाण्यात उन्हाच्या वेळी तांब्याचा किंवा काळा.

पात्याच्या आकाराबद्दल कुणी विचारत नाही, आणि खरं काम तिथेच असतं. रुंद, गोलसर पातं ल्युअरच्या मधल्या दांडीपासून लांब राहून फिरतं. हळू ओढलं तरी फिरत राहतं, पण पाणी जास्त अडवतं, म्हणून ल्युअर वर उचललं जातं. आंद्रे म्यूलनार यांनी १९३८ मध्ये फ्रान्समध्ये बनवलेलं मेप्स कंपनीचं आग्लिया हे ल्युअर या जातीचं. संथ, उथळ पाण्यात मला अजून त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं सापडलेलं नाही. अरुंद, लांबट पातं दांडीला धरून फिरतं, पाणी कापतं आणि जोरदार धारेतही खाली टिकतं. बरेच जण कुठेही एकच स्पिनर, म्हणजे असं फिरत्या पात्याचं ल्युअर, टाकतात आणि मासे नाहीत म्हणून नदीला दोष देतात.

आमचा मासा एका मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला, धार जिथे मंदावते तिथे होता. पोलराइज्ड चष्म्यातून स्वच्छ दिसत होता. मधूनच डोकं खाली करून तो कूस वळवायचा आणि पिवळसर पोट चमकायचं. म्हणजे खात होता, तेही तळाशी.

काकांना गांडूळच लावायचं होतं. तिथे मासा ठेवायला परवानगी होती आणि त्यांना एक घरी न्यायचा होता, म्हणून मी हो म्हटलं. मासा सोडायचा असेल तर मी गांडूळ लावू देत नाही. स्थिर ठेवलेलं गांडूळ मासा गिळतो, गळ घशात रुततो आणि सोडलेल्या माशांपैकी बरेच नंतर मरतात. अशा वेळी गळ उपसण्यापेक्षा दोरी कापलेली बरी. आमच्या धंद्यातले काही जण हमखास मासा दाखवता यावा म्हणून गांडूळ लावतात आणि वर फोटो काढून ‘सोडला’ म्हणतात. मला ते पटत नाही.

गांडूळ त्याच्या नाकासमोरून गेलं. तो जरा बाजूला सरकला, एवढंच. मग मी कॅडिसच्या अळीसारखी बांधलेली बारीक नकली माशी लावली, वर शिशाचा लहान मणी, त्याच्या वर तरंगणारा फ्लोट. दोरीचा ताण न येता ती प्रवाहाच्याच वेगाने त्याच्यापर्यंत पोहोचत होती. त्याने वळूनही पाहिलं नाही.

‘अगं, याला भूकच नाही,’ काका म्हणाले.

‘काका, तो आत्ता आपल्यासमोर खातोय.’

मी अरुंद पात्याचा लहान स्पिनर बांधला. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा आणि पाण्यापेक्षा थोडा जलद गुंडाळायचा. नाहीतर पातं फिरतच नाही. काकांनी तो दगडाला जवळजवळ घासून आणला. मासा आधी नुसता ताठ झाला. पुन्हा तसाच आणला, तेव्हा त्याने अंग झोकून पकडला. गळ ओठाच्या कोपऱ्यात.

ब्राउन ट्राउट आपली खाण्याची जागा राखतो, घुसखोराला हाकलतो. तेव्हा ती झडप भुकेची नसून रागाची होती, असं काकांनी लगेच ठरवून टाकलं. मला ते पुरेसं वाटत नाही. मोठे ब्राउन ट्राउट लहान मासे खातात, आणि पळणारी चमक त्याला तशीच वाटली असेल. दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. नळीतल्या कॅडिस अळ्या दगडांना धरून सरपटतात, प्रवाहात फार वाहत येत नाहीत. तो त्या दगडावरूनच टिपत होता. मग माझी वाहत आलेली अळी दिसायला हुबेहूब असली तरी वागायला अळी होती का?

चांगली जागा रिकामी झाली की दुसरा ट्राउट ती बळकावतो. त्या दगडामागे आता कोणीतरी आलेला असेल. पुढच्या वेळी फ्लोट नाही. शिसं अळीच्या जवळ घेऊन ती तळावरून घासत, अडखळत न्यायची, आणि त्याने ती घेतली नाही तोवर स्पिनर डब्यातच ठेवायचा.