पाडव्याआधी माळा रिकामा करा

गुढीपाडव्याची झाडलोट बहुतेक घरांत स्वयंपाकघरातून सुरू होते. डबे घासून झाले, फळ्यांवर नवे कागद पडले की अर्धं काम उरकल्यासारखं वाटतं. सांगलीत मात्र सुरुवात माळ्यापासून करावी. चैत्रानंतर चार महिन्यांत श्रावण येतो. शहरातल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदी ४० फुटांवर गेली की पुराचा इशारा, ४५ वर धोका. त्या रात्री धान्य, गाद्या, वह्या-पुस्तकं वर चढवायला जागा लागते, आणि तेव्हाच माळ्यावर फुटक्या बादल्या आणि टीव्हीचं थर्माकोल ठासून भरलेलं असतं.

२०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तुमच्या घरात ते कुठवर आलं होतं, ती रेघ रंगाखाली गेली असली तरी घरातल्या कोणाला तरी आठवते. खडूने ती पुन्हा आखून घ्या. रेघ कमरेपर्यंत असेल तर माळा उपयोगाचा आहे. तळमजल्याचं छतच बुडालं असेल तर माळ्यावर भरवसा ठेवू नका. वरच्या मजल्यावरचा किंवा जिन्यातला एक कोपरा आत्ताच मोकळा करा.

एका खोलीच्या माळ्याला दोन माणसं आणि अर्धा दिवस धरा. एकाने शिडीवर, दुसऱ्याने खाली. सगळं सामान आधी खाली उतरवायचं, वर बसून निवडायचं नाही. वर बसून निवडलं की प्रत्येक वस्तू "राहू दे" म्हणत पुन्हा कोपऱ्यात जाते. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते. जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा आणि ओल्या फडक्याने उचला. तोंडाला रुमाल हवाच.

खाली आलेल्या ढिगातून तांब्या-पितळेची भांडी सगळ्यांत आधी बाजूला काढा. घागरी, हंडे, गळका बंब हे लोखंडी भंगारात मिसळून दिलं तर मोठं नुकसान होतं, कारण पितळेचा किलोचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो. लोहचुंबक लावून बघा: तांब्या-पितळेला तो चिकटत नाही. तांबं वेगळं, पितळ वेगळं, दोन्ही घरच्या काट्यावर तोला आणि मगच मोडीत घाला. कल्हई करून वापरता येईल अशी परात किंवा पातेलं मोडीत घालू नये. तशी जाड भांडी आता सहज मिळत नाहीत.

वाकळा, म्हणजे गोधड्या, दोन्ही बाजूंनी कडक उन्हात टाका. संध्याकाळी लगेच घडी घालू नका, थंड होऊ द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडीशी ओल राहिली तरी बुरशी येते, म्हणून जुन्या सुती लुगड्यात बांधा. डांबरगोळ्या कापडावर सुट्या टाकू नका, पुरचुंडीत ठेवा. घरातल्या माणसांपेक्षा दोन जास्त एवढ्या वाकळा पुरतात. बाकीच्या आत्ताच देऊन टाका, भिजलेली वाकळ एकट्याने उचलतही नाही.

कागदपत्रं हा खरा कळीचा भाग. खरेदीखत, मूळ गुणपत्रिका, विम्याची पॉलिसी असे कागद एकाच जाड, झिप असलेल्या पिशवीत आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. पत्र्याची पेटी गंजते आणि पाणीही आत घेते. खरेदीखत लॅमिनेट करू नका: उष्णतेने शाई-शिक्के बिघडतात आणि कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो, त्यामुळे त्याच्या जुन्या झेरॉक्सचे गठ्ठे रद्दीत गेले तरी चालतं. प्रत्येक मूळ कागदाचा फोटो मात्र काढून परगावच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा.

आता धान्य. पाडव्याच्या सुमाराला नवा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घरात येतो आणि इथेच दरवर्षी तीच चूक होते: कोठीच्या तळाला उरलेल्या जुन्या धान्यावर नवं ओतलं जातं. जुन्यातले सोंडे महिनाभरात नव्यात पसरतात. कोठी पूर्ण उपसा, सांध्यातली धूळ ब्रशने काढा, दोन दिवस उन्हात उपडी ठेवा. शाळूला दोन-तीन कडक उन्हं द्या. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. पण उन्हातलं गरम धान्य तसंच भरलं की आत वाफ धरते, पत्र्याला पाणी सुटतं आणि वरचा थर गोळा होतो. रात्रभर पसरून सकाळी भरा, मध्ये मध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात.

कोठी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. खाली साठवलेल्या मालाचं काय होतं हे सांगलीजवळच्या हरिपूरने पाहिलं आहे; २००५ च्या महापुरात तिथल्या हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरलं होतं. वर्षाचं सगळं धान्य एकाच मोठ्या कोठीत भरण्यापेक्षा वीस-पंचवीस किलोच्या डब्यांत भरलेलं बरं. एवढा डबा दोन माणसांना जिना चढून नेता येतो, शंभर किलोची कोठी नेता येत नाही.

चटणीच्या बरण्यांचंही याच दिवसांत बघा. डंकावरून, म्हणजे मिरची-मसाला कांडण्याच्या गिरणीवरून, वर्षाची नवी चटणी आली की ती जुन्या बरणीत तशीच भरतात आणि तळाच्या शिळ्या तेलाने सगळीच खवट होते. बरणी गरम पाणी आणि सोड्याने धुवा, उन्हात ठेवा, आतून बोट फिरवून ओल नाही याची खात्री करा.

माळ्यावर परत काय जायचं? दिवाळीचे कंदील, गौरी-गणपतीचं सामान, कधीतरी लागणारी मोठी पातेली. तेही भिंतीच्या बाजूला, कडेला नाही. निम्मा माळा मोकळा दिसला पाहिजे. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: पाणी ३५ फुटांवर गेलं की आधी कागदांचा डबा, मग औषधं, मग धान्याचे डबे, मग गाद्या, आणि प्रत्येकापुढे कोण उचलणार त्याचं नाव.