ड्रेस्डेनमधली केळीवाली

मी निघायच्या जेमतेम दोन आठवडे आधी तिथला पूल पडला. म्हणजे खरंच पडला. ११ सप्टेंबर २०२४ ला पहाटे तीनच्या सुमारास जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कॅरोला पुलाचा शंभरेक मीटरचा तुकडा थेट एल्बे नदीत, नशीब की ट्राम काही मिनिटं आधीच पलीकडे गेली होती आणि कुणाला काही झालं नाही. ही बातमी आमच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "ताई पूल शिकायला चालली ते हेच गाव ना?"

झालं. पुढचे दोन दिवस घरात तोच विषय. मी सिव्हिलची, कॉलेज पुण्यात, गाव यावल तालुक्यात, सातपुडा अंगणातून दिसतो तिथे. घरची केळी. कॉलेजच्या स्टुडंट एक्स्चेंजवर जायचं, म्हणजे तिथल्या युनिव्हर्सिटीची ट्यूशन फी नाही, पण राहण्याखाण्याचे पैसे आधीच ब्लॉक अकाउंटमध्ये भरून दाखवावे लागतात, ते मग महिन्याला ठरलेल्या हिशोबाने आपल्यालाच परत मिळतात. ते पैसे कांदेबागाच्या, म्हणजे केळीच्या त्या हंगामाच्या, मालातून आले होते, त्यामुळे पूल पडो नाहीतर डोंगर पडो, जायचं ठरलेलं होतं. आजी एवढंच म्हणाली, "पडला तं पडला, आता दुसरा बांधतीन ना, ते पाहून घेजो." मला वाटतं घरातलं सगळ्यात इंजिनियरिंगचं वाक्य तेच होतं.

आणि खरंच पाहायला मिळालं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सिमकार्ड घ्यायच्या आधी नदीवर गेले. पुलाचे तीन समांतर भाग होते, त्यातला ट्रामचा भाग मधेच मोडून पाण्यात वाकलेला, त्यावरचे रूळ तसेच, रेलिंग तसंच, जणू कुणी कागदाची पट्टी मधोमध दाबली. १९७१ चा पूल. बाजूला सायकलवाले थांबत होते, बघत होते, पुढे जात होते. पुढे डिसेंबरात तपासाचं जे बाहेर आलं त्यात आतल्या प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी, तारांना हायड्रोजनमुळे बारीक तडे गेले होते असं निघालं, आणि त्याची सुरुवात बांधकामाच्या वेळच्या ओलाव्यापासून, म्हणजे पन्नासेक वर्षं ते आत शांतपणे चालू होतं आणि वरून ट्रामा. आम्हाला हे पुस्तकात दोन ओळींचं असतं, परीक्षेला "शॉर्ट नोट" येते चार मार्कांना. तिथे रोज येताजाता ती शॉर्ट नोट नदीत पडलेली दिसायची.

शिकवण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण घरी सगळ्यांनी तेच विचारलं आणि मला त्यातच सगळ्यात कमी सांगायचंय. पहिला तास सकाळी साडेसातला, नव्वद मिनिटांचा. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो, म्हणजे अंधारात जायचं आणि चारला परत अंधार. अटेंडन्स नाही. इंटर्नल, सबमिशन, जर्नल कम्प्लीट करा, सह्या घ्या, हे काहीच नाही, सगळं फेब्रुवारीतल्या एका पेपरवर. पहिल्या लेक्चरला सर थांबले तसे सगळे पोरं बाकावर मुठी आपटायला लागले, मी घाबरले, आमच्याकडे बाक वाजले की एचओडी येतात. नंतर कळलं ती त्यांची टाळ्या वाजवायची पद्धत आहे. आणि मार्क उलटे, १.० म्हणजे सगळ्यात भारी, ५.० म्हणजे नापास. मम्मीला हे तीनदा सांगितलं तरी ती शेजारी सांगताना "पाचपैकी" असंच सांगते.

आता मूळ मुद्दा. केळी.

पहिल्या आठवड्यात सुपरमार्केटला गेले, तिथे दारातच केळीचा ढीग. पिवळीधमक, एकावर डाग नाही, प्रत्येक फणीवर गोल स्टिकर, इक्वेडोर. बाजूच्या खोक्यावर कोलंबिया. मी तिथूनच पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, पप्पा ओट्यावर.

"जवळ ने. आजून जवळ. देठ दाखव."

मी फणी उलटी करून देठाकडची कापलेली बाजू कॅमेऱ्यासमोर धरली. मागे एक बाई ट्रॉली घेऊन थांबली होती, तिला वाटलं असेल पोरगी केळीशी बोलतेय.

"सड नाही बिलकूल. जी-नाईन जातच दिसते आपलीवाली. भाव काय?"

किलोला सव्वा युरोच्या आसपास, म्हणजे एकशे दहा-पंधरा रुपये. पप्पा काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या दिवशीचा आपला शिवारातला क्विंटलचा भाव सांगितला. मी मनात शंभराने भागलं आणि ती फणी परत ठेवली, आणि मग परत उचलली, कारण तिथे फळांमधलं सगळ्यात स्वस्त तेच होतं. अर्ध्या जगाच्या पलीकडून हिरवी कापून, थंड जहाजात दोन-तीन आठवडे, मग इथे गॅस देऊन पिकवलेली. आणि आमच्या रावेर-सावद्याच्या मालाला दिल्लीला जायला वॅगन वेळेवर मिळाली तरी आम्ही पेढे वाटायचे बाकी असतो.

मी संध्याकाळी जर्मनचा ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीचा, कोर्स लावला होता. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, ड्रेस्डेनच्याच, जन्म तिथला. ऑक्टोबरच्या शेवटी आईवडील काय करतात हे सांगायचा धडा. एक स्पॅनिश मुलगा म्हणाला वडील वकील, एक तुर्की मुलगी म्हणाली आई शिक्षिका, माझी पाळी आली तर मी डिक्शनरीत बघून ठेवलेलं वाक्य म्हटलं की माझे आईवडील केळी पिकवतात. वर्ग हसला. तिकडे हा शब्द ऐकून हसतातच, का ते माहीत नाही, आपल्याकडे कुणी म्हटलं माझे वडील केळीचे शेतकरी तर कुणी हसतं का, लगेच विचारतात किती खोड.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि इंग्लिशमध्ये बोलायला लागल्या, जे त्या कधीच करायच्या नाहीत.

ड्रेस्डेन हे जुन्या पूर्व जर्मनीतलं. तिथे केळी मिळायची नाहीत. म्हणजे कधीतरी, नाताळच्या तोंडावर दुकानात आली तर, आणि आली की अख्ख्या गल्लीत बातमी. त्यांची आई रांगेत उभी राहायची, माणशी मोजून देणार, घरी आणून चाकूने चकत्या करून चौघांत वाटायच्या. मग ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली, तेव्हा त्या चौदा-पंधरा वर्षांच्या. पलीकडे गेलं की प्रत्येकाला शंभर जर्मन मार्क मिळायचे, स्वागताचे पैसे म्हणून. लोकांनी काय काय घेतलं. यांच्या वडिलांनी पोरांना विचारलं काय पाहिजे, दोघी बहिणी एकदम म्हणाल्या केळी. "एका बसणीत मी सहा खाल्ली," बाई म्हणाल्या, "आणि रात्रभर पोट धरून रडले." मग वर्ग परत हसला, पण आता वेगळं.

मला काय बोलावं सुचेना. आमच्याकडे भाव पडला की केळी गुरांना टाकतात, कधी रोटाव्हेटर फिरवतात बागेवर, हे मी त्या वेळी सांगितलं नाही. (नंतरही नाही सांगितलं.) त्यांनी विचारलं, झाड कसं असतं, किती उंच. मी म्हटलं झाड नसतंच, आणि फळ्यापाशी गेले. खोड काढलं, म्हटलं हे लाकूड नाही, एकात एक गुंडाळलेली पानंच आहेत, कापलं तर पाणी निघतं. मग घड काढला. त्यातल्या निम्म्या लोकांना केळी खाली लोंबतात असं वाटत होतं, म्हणून एक-एक केळ वर वळलेलं काढून दाखवलं, शेवटी खाली केळफूल. एका खोडाला एकदाच घड, मग ते कापून टाकायचं, बाजूला पिल आलेला असतो तो वाढवायचा. बाईंनी फळ्यावर त्याखाली तारीख लिहिली आणि फोटो काढला. त्या दिवसापासून मी कोर्समध्ये "बनाना" झाले. पुलांवर शिकायला गेलेली पोरगी, तिथे ओळख काय तर केळीवाली.

त्याच आठवड्यात दिवाळी होती. ३१ ऑक्टोबरला तिकडे सुट्टी असते, मी खूश, पण ती मार्टिन ल्यूथरच्या रिफॉर्मेशनची, म्हणजे चर्चसुधारणेच्या चळवळीची. दुकानं बंद. दिवाळीच्या दिवशी दुकानं बंद ही गोष्ट आजीला अजून पटलेली नाही. हॉस्टेलच्या किचनमध्ये मी भरीत करायला गेले, इथली वांगी काळी, चकचकीत, बिया कमी, आणि जाळ कुठून आणणार, प्लेटवर तापवायचं नाहीतर ओव्हनमध्ये घालायचं. कपाशीच्या काड्यांच्या धुराशिवाय जे झालं त्याला मी उकडलेलं वांगं म्हणेन. घरून नेलेल्या कळण्याच्या पिठाची भाकरी मात्र बरी जमली, म्हणजे गोल नाही, पण फुगली.

डिसेंबरात मी एक मूर्खपणा केला. हॉस्टेलचा फ्रिज भरलेला म्हणून सगळे पोरं दूध-बिध खिडकीबाहेर ठेवायचे, मीही ठेवलं, आणि सोबत केळीची फणी. सकाळी बघते तर राखाडी-काळी, वरून शिजल्यासारखी. फोटो पाठवला तर पप्पांचा लगेच फोन. "तेरा डिग्रीच्या खाली केळी ठिवत नाही, लहानपणापासून ऐकते ना तू? जानेवारीत थंडी पडली का आपली बाग कशी होते पाह्यलं नाही? काय शिकू राह्यली तिकडे?" बाप रे. केळी पिकवणारा माणूस मला सातासमुद्रापार कोल्ड चेनचं लेक्चर देत होता आणि एक अक्षर चुकीचं नव्हतं.

पुलाचं प्रकरण जानेवारीत परत वर आलं. मलबा काढताना ८ जानेवारीला दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब सापडला, ब्रिटिश, अडीचशे किलोचा. दुसऱ्या दिवशी आजूबाजूची दहा हजारेक माणसं बाहेर काढली आणि तो निकामी केला. माझ्या वर्गातली एक मुलगी त्या भागात राहायची, ती उशी, लॅपटॉप आणि कुंडी घेऊन आमच्या हॉस्टेलवर आली. मला वाटलं कुंडी का, तर म्हणाली परत यायला मिळालं नाही तर. दुपारी परत गेली. मी हे घरी पंधरा दिवसांनी सांगितलं, काकांना तर अजूनही नाही.

फेब्रुवारीत पेपर झाले. मार्क अजून यायचेत. कोर्सच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या देशाचं काहीतरी आणायचं होतं, मी घरून पार्सल आलेले केळीचे वेफर्स नेले, तिखट-मीठवाले. बाईंनी एक उचलला, उजेडात धरून बघितला, चावला. मग म्हणाल्या, वडिलांशी बोलता येईल का.

पप्पा बागेत होते. त्यांनी फोन घडासमोर धरला, निळी पिशवी वर सरकवून सगळ्या फण्या दाखवल्या, बाई "ओ, ओ" करत होत्या. मी मधे दुभाषा. बाईंनी सहा केळ्यांची गोष्ट परत सांगितली, मी मराठीत केली, मला वाटलं पप्पांना गहिवरून येईल. ते थोडा वेळ विचारात पडले.

"त्यांना विचार, माल कसा होता?"

मी विचारलं. बाई आठवायला लागल्या. कडक होता म्हणाल्या. तुरट. हिरवट पिवळा. पण आम्हाला काय माहीत, वाट बघायची असते ते, आम्ही तिथेच स्टेशनवर खाल्ली.

मी पप्पांना सांगितलं.

"मंग पोट दुखीनच," पप्पा म्हणाले. "सांग त्यांना, त्याईची भाजी करायची व्हती."