डायपर निवडण्याआधी तो कापून पाहा : माझा अनुभव

पाकिटावर हिरवं पान आणि बांबूचं चित्र असलं की आतला डायपर मातीत मिसळून जाईल असंच वाटतं. म्हणून निवडायला बसले तेव्हा मी आधी कात्री घेतली आणि चार वेगवेगळ्या पाकिटांतला एकेक डायपर उभा कापला.

अंगाला लागणारा पातळ थर, त्याखाली ओल पसरवणारी पट्टी, मग लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात साखरेसारखे दाणे, सगळ्यात बाहेर पाणी अडवणारी फिल्म. रचना चारही ठिकाणी हीच. दाणे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे. तेच शू धरून ठेवतात आणि फुगून जेल होतात. बांबूच्या म्हणवणाऱ्या डायपरमध्ये बांबू होता तो फक्त वरच्या थरात, तोही व्हिस्कोस, म्हणजे लगदा रसायनांत विरघळवून पुन्हा धागा केलेला. दाणे, कमरेचं इलॅस्टिक, चिकटपट्टी आणि गोंद मात्र कृत्रिमच.

काही डायपरांत वरचा थर किंवा बाहेरची फिल्म मका-उसापासून केलेल्या पीएलए नावाच्या प्लॅस्टिकची असते. ही वस्तू चांगली, पण ती कुजायला साधारण ५८ अंशांची उष्णता बरेच आठवडे टिकावी लागते, आणि ती मिळते कंपोस्टच्या कारखान्यात. आपल्या परसातल्या पाल्यापाचोळ्याच्या खड्ड्यात एवढी ऊब टिकत नाही. त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. जूनमध्ये खड्डा भरला की तो थंडच पडतो. म्हणून इथे डायपर घेताना ‘कुजतो का’ हा प्रश्न मी मागे टाकला. दिवसाला किती कमी नग लागतील आणि वापरलेला नग कुठे जाईल, हे दोन प्रश्न पुढे घेतले.

पाकिटावरच्या खुणा वेगवेगळं सांगतात, त्यांची गल्लत करू नका. एफएससी म्हणजे लगद्याचं लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे घातक रसायनांची तपासणी झालेली. कुजण्याशी तिचा संबंध नाही. ‘टीसीएफ’ म्हणजे लगदा क्लोरीनचं कोणतंही संयुग न वापरता पांढरा केलेला, तर ‘ईसीएफ’मध्ये क्लोरीन डायऑक्साइड असतो. कंपोस्टेबल प्लॅस्टिकचा दावा असेल तर आयएस/आयएसओ १७०८८ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक शोधा. ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं पाकीट तिथेच ठेवा, त्या प्लॅस्टिकचे नुसते बारीक तुकडे होतात. सुगंध आणि लोशन नसलेला डायपर मी पक्का ठरवून घेतला. दमट हवेत आधीच लाल होणाऱ्या कातडीला त्यांची गरज नाही.

मग चाचणी. साधं पाणी ओतून काही कळत नाही, कारण दाणे साधं पाणी भरपूर पितात आणि खारट पाणी त्याहून बरंच कमी. एक लिटर कोमट पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवायचं. मधल्या मापाच्या डायपरवर ६० मिलिलिटर एकाच जागी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, असं तीनदा. त्यानंतर पाच मिनिटांनी, आधीच वजन करून ठेवलेल्या टिशूची चौघडी वर ठेवून तिच्यावर लिटरभर पाण्याची भरलेली बाटली १५ सेकंद ठेवायची आणि टिशूचं पुन्हा वजन करायचं. वजन जितकं वाढेल तितकं पाणी बाळाच्या अंगाला परत लागणार. सगळ्यात जाड डायपर इथे नापास झाला. त्यात कापूस जास्त आणि दाणे कमी होते; कापूस पाणी घेतो, पण दाब पडला की सोडतो. पातळ डायपरला कच्चा मालही कमी लागतो आणि कचराही कमी होतो, तेव्हा जाडीवर जाऊ नका.

दिवसाला ६ नग धरले तर महिन्याला १८० होतात. आम्ही दिवसा जुन्या सुती लुगड्याचे लंगोट आणि रात्री व प्रवासात डायपर असं केलं. २ नगांच्या हिशेबाने आकडा ६० वर आला आणि महागडा डायपरही परवडला. आषाढात लंगोट पडवीतल्या दोरीवर दोन दोन दिवस सुकत नाहीत आणि त्यांना कुबट वास धरतो. अर्धवट ओला लंगोट बांधण्यापेक्षा त्या दिवसांत ४ नग वापरलेले बरे.

गळतीला बहुतेक वेळा माप कारणीभूत असतं. मांडीवर लाल वळ उठला किंवा कमरेत दोन बोटं जाईनात, की पुढचं माप घ्या. मांडीजवळची झालर आत दुमडलेली राहिली तर चांगला डायपरही बाजूने गळतो. बोट फिरवून ती बाहेर काढा. मुलगा असेल तर शूची जागा खाली वळवा. खोबरेल अगदी पातळ लावा. जास्त झालं तर ते वरच्या थरात मुरतं आणि ओल आत जायची थांबते.

उघडं पाकीट पावसाळ्यात फडताळात ठेवू नका. दाणे हवेतली ओल ओढतात आणि चिकटपट्टीही सैल पडते. झाकणाचा पत्र्याचा डबा उत्तम.

वापरलेल्या डायपरमधली शी संडासात टाकायची. डायपर मात्र कधीच नाही, जेल फुगून पाइप तुंबतो. मग डायपर आतल्या बाजूला घट्ट गुंडाळून त्याच्याच पट्टीने बंद करायचा, रद्दीत बांधायचा आणि त्यावर लाल खूण करायची, म्हणजे कचरा उचलणाऱ्याचा हात आत जात नाही. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांतही डायपर असा गुंडाळूनच द्यायला सांगितलं होतं. जाळायचा विचार सोडा. ओलं जेल पेटत नाही, नुसतं धुमसतं, आणि प्लॅस्टिकचा धूर घरात येतो. जांभ्या दगडाच्या जमिनीत पुरलात तर भोकांभोकांतून पाणी झिरपून विहिरीकडे जातं, आणि पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकलेला पहिल्या पावसात खाडीत.

आमच्या वाडीत घंटागाडी रोज येत नाही. घट्ट झाकणाची २० लिटरची बादली, तळाला दोन ओंजळी कोरडी राख, आणि प्रत्येक पुडीवर आणखी एक मूठ, एवढ्यावर आठवडाभर वास आला नाही. बादली पडवीबाहेर, कुत्र्यांपासून उंच ठेवली आणि गाडीच्या आदल्या रात्रीच खाली काढली. गाडी येत नसेल तर पाकीट विकत घेण्याआधीच ग्रामपंचायतीत जाऊन विचारा की सॅनिटरी कचरा कोणत्या वारी आणि कुठे घेतात.