पसंतीक्रमाचा रविवार

नाशिकमध्ये रविवारी सकाळी मतदान ठेवणं म्हणजे मिसळीशी पंगा घेणं. आमच्या केंद्राच्या दारात दोन पोलीस, शिपाईमामा आणि थंडी एवढेच हजर होते. गंगापूर रोडला मिसळीसाठी मात्र वेटिंग चालू होतं. ही खबर पोलिसानंच दिली, तो तिथूनच खाऊन आला होता.

2022चा नोव्हेंबर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाचं बजेट आणि कारभार यांवर चर्चा करणाऱ्या सिनेटवर, पदवीधरांचे 10 प्रतिनिधी निवडायचे होते. त्यांतल्या पाच जागा राखीव. मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी नवी नाही. लोकसभा झाली, विधानसभा झाली, महापालिकाही झाली. पण तिथं दिवसभर यंत्राची पिप्प ऐकायची असते. इथं मतपत्रिका होती, आणि शिक्का नाही, फुली नाही, तर आकडे लिहायचे होते. आवडत्या उमेदवारापुढे 1, मग 2, मग 3, हवे तितके. 1 लिहिलाच नाही किंवा दोघांपुढे लिहिला, की मत बाद.

पहिला मतदार आला तो थेट विचारता झाला, "सर, बटण कुठंय?" चांगला इंजिनिअर माणूस, अंबडच्या कारखान्यात कामाला. त्याला पसंतीक्रम समजावून सांगितला. तो आत गेला, बराच वेळ लावला आणि पडद्याआडून ओरडला, "सर, बरोबरची खूण केली तर चालेल ना?" गुप्त मतदानाची ऐशीतैशी. शेजारच्या मॅडमनी कपाळाला हात लावला. मी बसल्या जागेवरूनच "आकडा! आकडा लिहा!" म्हणून ओरडलो. कळलं असावं अशी आशा.

दुपारपर्यंत कळून चुकलं की येणाऱ्यांत दोनच जाती आहेत. एक, ज्यांना कुणीतरी आणलंय. दुसरे, ज्यांना सकाळपासून फोनवर फोन आलेत म्हणून ते वैतागून आलेत. आपणहून उठून आलेले हाताच्या बोटांवर मोजावे इतके. सिन्नरहून एक बाई कडेवर पोर घेऊन आल्या होत्या. यादीत नाव सापडलं, ओळखपत्र जुळलं. सही करता करता म्हणाल्या, "माझं नाव इथं आलं कसं ते सांगा ना. मी फॉर्म भरल्याचं आठवत नाही." मागं उभ्या असलेल्या दिरानं खाकरून सांगितलं, "वहिनी, तो नाही का डिग्रीची झेरॉक्स मागायला आलेला? तोच."

या निवडणुकीची खरी मेख तिथं आहे. आमदारकीच्या निवडणुकीला यादी आयती असते, उमेदवार तिच्यामागे धावतो. इथं पदवी मिळाली म्हणून कुणी आपोआप मतदार होत नाही. नोंदणी करावी लागते आणि ती करायची शुद्ध फारच थोड्यांना असते. मग ज्याला निवडून यायचंय त्याची माणसंच झेरॉक्स गोळा करत हिंडतात, फॉर्म भरतात, आणि पुढे त्याच नावांना फोन करतात. प्रचार म्हणतात तो तिथंच उरकलेला असतो. मतदानाच्या दिवशी उरतो तो फक्त वाहतुकीचा प्रश्न.

आणि निवडणुकीतली ही उचलाउचल मी पहिल्यांदाच पाहिली असं नाही. 1989मध्ये मुंबईत विद्यार्थी कार्यकर्ता ओवेन डिसूझा याचा खून झाला. पुढे 1994च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद केल्या. गुंडगिरी नको, म्हणून वर्गात पहिला येईल तो वर्ग प्रतिनिधी आणि या हुशार पोरांनी आपल्यातून विद्यार्थी परिषदेचा सचिव निवडायचा. कागदावर सोवळं. प्रत्यक्षात हजारो पोरांची मतं गेली आणि मूठभर टॉपर उरले. हजारांना उचलून नेता येत नाही, मूठभरांना एका सुमोत बसवता येतं! आमच्या बी.कॉम.चा एक गरीब पोरगा, ज्यानं आयुष्यात अकाउंट्सपलीकडे काही पाहिलं नव्हतं, मतदानाच्या आधी अचानक गायब झाला. आई रडत स्टाफरूममध्ये. तो उगवला थेट मतदानाच्या दिवशी, त्र्यंबककडच्या कुठल्याशा फार्महाऊसवरून, अंगावर नवाकोरा शर्ट. "जेवण फार चांगलं होतं सर," एवढंच बोलला. मत कुणाला दिलं ते विचारायची गरज नव्हती.

मग 2016चा नवा कायदा आला आणि थेट निवडणुका परत आल्या, निदान छापील पानावर. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, सगळे पोरांच्या मतांनी. 2019ला होणार म्हणून आमच्याकडे तयारीही झाली. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी मी वर्गात वाचून दाखवल्या: उमेदवारी खर्च 5000 रुपयांपर्यंत, छापील पोस्टर नाही, हातानं लिहिलेलंच चालेल. एस.वाय.चा एक पोरगा उठून म्हणाला, "सर, माझं अक्षर चांगलंय, मी उभा राहतो." त्यानं खरंच ड्रॉइंग शीट आणून पोस्टर रंगवायला घेतले. हॉस्टेलला पाणी आणि लायब्ररी रात्री दहापर्यंत, हे दोनच मुद्दे. मला वाटतं, इतका नेमका जाहीरनामा मी कुठल्याच निवडणुकीत पाहिला नाही. तेवढ्यात विधानसभेचं कारण निघालं आणि सगळं लांबणीवर पडलं. पुढे कोरोना आला, आणि पोस्टर कुणाच्या तरी कपाटावर धूळ खात राहिले.

हा पोरगा त्या रविवारी मला केंद्राबाहेर भेटला. मी चहाला बाहेर पडलो होतो. हद्दीच्या रेषेपलीकडे एका पॅनेलचं टेबल होतं, त्यामागे हा बसलेला. पुढ्यात यादीची चळत, हातात दोन रंगांचे पेन. येऊन गेलेल्याच्या नावावर हिरवी रेघ, "येतो येतो" म्हणणाऱ्यापुढे लाल टिंब. लाल टिंबांनी पान गोवर आल्यासारखं दिसत होतं.

"काय रे, तू इकडं?"

"काय करणार सर. आपलं इलेक्शन झालंच नाही, मग दुसऱ्याच्यात शिकतोय."

त्याचं अक्षर अजून तसंच सुंदर होतं. लाल टिंबाशेजारी त्यानं कारणं लिहून ठेवली होती: सप्तशृंगीला गेले. ओझरला लग्न. सासरी पुण्यात. फोन उचलत नाही. मिसळ खाऊन येतो.

"किती येतील?" मी विचारलं.

"आपण भरलेल्या फॉर्मातले निम्मे आले तरी निघालो, सर. समोरच्यांचं पण तेच. नवीन मत कुणाचंच नाही. ज्यांचे फॉर्म कुणीच भरले नाहीत, ते तर मोजायलाच नाहीत ना."

मतदान कमी झालं म्हणून वर्तमानपत्रं तरुणाईच्या उदासीनतेवर रकाने भरतात, तेव्हा मला हे वाक्य आठवतं. टक्केवारी यादीवर काढतात. यादीबाहेरचा पदवीधर ना आलेल्यांत धरला जातो, ना न आलेल्यांत.

दार बंद व्हायला थोडा वेळ उरला असताना सातपूरहून एक टेम्पो ट्रॅव्हलर येऊन थांबला आणि दिवसभर रिकाम्या कॉरिडॉरमध्ये एकदम रांग लागली. मॅडम नावं शोधून दमल्या. त्यातल्या एकाचं नाव दुसऱ्या केंद्रावर निघालं. तो आणणाऱ्यावर खेकसला, "मग मला इथं आणलं कशाला?" आणणारा माझ्याकडे बघायला लागला, जसा काही मीच त्याला रविवारी झोपेतून उठवलं होतं. मी त्याला दुसऱ्या केंद्राचा पत्ता सांगितला. ते दोघं पळत सुटले. पोचले की नाही, माहीत नाही.

पेटी सील झाली, कागदांवर सह्या झाल्या. बाहेर पडलो तर तो पोरगा टेबल घडी घालत होता. यादी फेकून न देता नीट दप्तरात ठेवत होता. म्हटलं, आता काय उपयोग? म्हणाला, "पुढच्या वेळी लागेल. यातले हिरवे माझे, सर. या पॅनेलचे नाहीत."