बक्कल

आज चर्चमध्ये बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय चालू होता. ‘दत्तकपणाचा आत्मा’, म्हणजे देव आपल्याला लेकरं करून घेतो तो भाग, ऐन रंगात, आणि पाळकांची धाकटी तडक व्यासपीठाकडे निघाली. मी तिचा हात धरायला गेलो, तर शेजारच्या मावशी पुटपुटल्या, “राहू दे, बापाकडंच चाललीय ना.”

“पप्पा, बक्कल निघालं.”

ते वाकले, सँडलचं बक्कल लावलं आणि वाक्य तिथूनच पुढे उचललं.

माझी प्रार्थना मात्र ‘मी अपात्र’पासून सुरू होते, तहसीलदाराला अर्ज केल्यासारखी. खाली ‘आपला नम्र’ तेवढं लिहायचं राहतं! पौल तर देवासाठी सरळ अरामी घरातली हाक लिहून गेला: अब्बा, म्हणजे बाबा.

बाप्तिस्म्याला 40 वर्षं झाली. रात्री गुडघे टेकले, पण ती हाक काही तोंडातून निघाली नाही.

तुम्ही काय म्हणून हाक मारता?